टिटवीने अडवलेलं मैदान

तुम्ही दोघं नेहमी विचारता, "आजी, मैदानावर सध्या काय चाललंय?" मी सांगायला लागते आणि मधेच तुमच्या शाळेची वेळ होते. म्हणून या उन्हाळ्याच्या सुट्टीत काय झालं ते नीट क्रमाने लिहून पाठवते आहे.

बनशंकरीतल्या आपल्या घरामागची मोकळी जागा तुम्हाला आठवत असेल. अर्धी सपाट मातीची, अर्धी उताराची आणि खड्यांनी भरलेली. सपाट भागात आमच्या गल्लीतली मुलं सकाळी खो-खो खेळतात. शिट्टी माझ्याकडे असते. यंदाची कर्णधार म्हणजे वरच्या मजल्यावर राहणारी दहा वर्षांची मुलगी. आई-वडिलांच्या नोकरीमुळे पुण्याहून इकडे कानडी मुलखात आली आणि आल्या आल्या सगळ्यांना नियम शिकवू लागली, म्हणून पोरांनी तिचं नाव 'पुणेरी मॅडम' ठेवलं. पण तिला पकडणं कुणालाच जमेना, तेव्हा त्याच पोरांनी तिला कर्णधार केलं. मागच्या गल्लीशी रविवारी सामना ठरला होता. तिचा पहिलाच सामना, आणि तो तिला जिंकायचाच होता.

त्या आठवड्याच्या सुरुवातीला आम्ही सरावाला गेलो, तर एक टिटवी आमच्या डोक्यावर कर्कश ओरडत घिरट्या घालू लागली. खाली पाहिलं तेव्हा कारण कळलं. खेळाडू ओळीने बसतात त्याच पट्ट्यात, एका उथळ खळग्यात चार अंडी होती. मातकट रंगाची, काळ्या ठिपक्यांची. दोन पावलांवरूनही ती खडेच वाटत होती.

"कुणाचा तरी पाय पडेल," कर्णधार म्हणाली आणि मैदान आखायची फक्की घेऊन आली. खो-खो खेळणाऱ्या मुलांना दुसरं काय सुचणार? अंड्यांभोवती तिने पांढरंशुभ्र गोल वर्तुळ आखलं. वर्तुळ फार सुबक झालं, आणि मीही तिला तसं म्हटलं.

टिटवी काही परत येईना. कुंपणापाशी उतरायची, चार पावलं चालायची, वर्तुळ दिसलं की उडून जायची. ऊन चढत होतं. शेजारच्या जुन्या मराठी घरातला मुलगा, जो निम्मं कन्नडच बोलतो, तो म्हणाला, "अज्जी, ते पांढरं कावळ्यालापण दिसणार ना?"

कर्णधाराचा चेहरा उतरला. पण रडत न बसता तिने हातांनीच माती लोटून फक्की बुजवली. मग सगळ्यांना लांब नेलं आणि म्हणाली, "खो-खोत बसतो तसंच बसा. एकाचं तोंड इकडे, दुसऱ्याचं तिकडे. इकडचे टिटवी बघतील, तिकडचे कुत्रे."

"आणि खो कोण देणार?" कुणीतरी चिडवलं.

"बोललास तर मी देईन, पाठीत."

मुलं उकिडवी बसून राहिली. एरवी यांना दोन मिनिटं गप्प बसवता येत नाही. बऱ्याच वेळाने टिटवी आली ती नाल्याकडून. पोटाची पिसं ओली होती. ती तशीच अंड्यांवर बसली, त्यांना गारवा द्यायला. मी त्या पक्ष्याचं इंग्रजी नाव शाळेत पाठ केलं होतं. हे मात्र त्या दिवशी मुलांबरोबर पहिल्यांदाच पाहिलं.

मग सराव उतारावर सुरू झाला. मोठे खडे वेचले, तरी बारीक राहिलेच. गुडघे फुटले, तळपाय सोलले, दोन आया माझ्याशी भांडूनही गेल्या. मी मुलांना बूट घालायला लावले आणि सराव चालू ठेवला.

रविवारी मागच्या गल्लीची मुलं आली. त्यांचा कर्णधार आमच्या मुलीपेक्षा हातभर उंच. तो म्हणाला, "ठरलेल्या जागी खेळणार नसाल तर तुम्ही हरलात. मैदान सोडलं म्हणजे हार."

"आधी बसा," ती म्हणाली.

"का?"

"बसा तर. मग ठरवा."

तिने त्यांनाही एकाआड एक तोंडं करून बसवलं. थोड्या वेळात टिटवी अंड्यांवरून उठली आणि चोचीने एक एक अंडं उलटवून पुन्हा बसली. कुणी हललं नाही. तो उंच मुलगा हळूच म्हणाला, "सरी, ठीक आहे. पण तिकडे आमचे पाय सोलले तर?"

"आमचे आठवडाभर सोलतायत. अजून पळतोय ना!"

सामना उतारावरच झाला. "खो!" अशी प्रत्येक आरोळी उठली की टिटवी मान उंचवायची, पण जागची हलली नाही. आम्ही हरलो, आणि तेही शेवटच्या डावात. आमची कर्णधार वळताना घसरली आणि समोरचा गडी तिच्या हातून निसटला.

मागच्या गल्लीची मुलं नाचत गेली. आमचीही पांगली. मी शिट्टी पिशवीत टाकली तरी आमची कर्णधार जिथे घसरली होती तिथेच बसलेली. आता रडत असेल म्हणून जवळ गेले. ती फ्रॉकच्या ओच्यात खडे वेचत होती.

"ऊन झालंय गं. उद्या कर."

"उद्या सराव आहे, आजी. पिल्लं निघेपर्यंत आपलं मैदान हेच," ती म्हणाली, आणि ओचा कुंपणापाशी रिकामा करून पुन्हा खाली बसली.