शांततेत उलटलेलं पान

झुल्मा इरिगाराय आमच्या माँटेव्हिडिओच्या वाद्यवृंदात अडतीस वर्षं वादकांच्या प्रती तयार करत होत्या. प्रत्येक वादकाला फक्त त्याच्या वाद्याचे स्वर असलेली प्रत लागते. झुल्माबाई ती हातानं लिहीत. त्यांचा नियम एकच: पान उलटायला वादकाचे हात मोकळे असतील तिथेच पान संपवायचं. मी शेजारच्या खोलीत कार्यालय सांभाळतो. त्यांची एखादी प्रत वेळेवर आली नाही, असं मला आठवत नाही.

आउरेलिया पिंतोस या आमच्या दिवंगत लेखिकेच्या आयुष्यावर फाकुंदो लाराल्दे या तरुणानं सोप्रानो गायिका आणि वाद्यवृंद यांच्यासाठी कँटाटा, म्हणजे गायन-वादनाची एक दीर्घ रचना, तयार केली. झुल्माबाईंचं निवृत्तीपूर्वीचं हे शेवटचं काम. ‘‘आनिबाल, या कामावर एकही तक्रार नको बघ मला,’’ ‘माते’ या आमच्याकडच्या कडवट चहाचा घोट घेत त्या म्हणाल्या होत्या.

पहिली तालीम झाली. लेखिकेनं लेखणी अखेरची खाली ठेवली, ही ओळ गाऊन गायिका थांबली. सगळी वाद्यं थांबली आणि त्या शांततेत चाळीस स्टँडवरची पानं एकदम फडफडली.

वाद्यवृंदाचं संचालन लाराल्दे स्वतःच करत होता; त्यानं हातातली छडी खाली ठेवली. ‘‘झुल्माबाई! ही शांतता सुचायला मला वर्ष लागलं!’’

‘‘तुम्ही सगळ्यांना एकाच वेळी गप्प बसवलंत. मग पानं उलटायची कुठे? तुमच्या घरी येऊन?’’ झुल्माबाईंनी कडेच्या खुर्चीवरून विचारलं.

ट्रॉम्बोनवाले हसले. झुल्माबाई मात्र हसल्या नाहीत. खाली मान घालून त्या प्रती गोळा करू लागल्या. ‘‘परवापर्यंत पुन्हा लिहून देते,’’ एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या रांगेत लेखिकेची धाकटी बहीण एर्मिनिया बसली होती. वय सत्त्याऐंशी. तिनं काठी आपटली.

‘‘अगं, कशाला लिहितेस? भिंतीपलीकडून आयुष्यभर मी माझ्या बहिणीच्या पानांचा हाच आवाज ऐकला. गाणं छान आहे हो, पोरा. पण आउरेलिया त्यात मला आत्ता भेटली.’’

लाराल्देनं पेन्सिल घेऊन आपल्या प्रतीत त्या जागी लिहिलं: सर्वांनी पान उलटावे.

झुल्माबाईंना ते मुळीच रुचलं नाही. ‘‘कागद वाजू नये म्हणून जन्मभर झटले, आणि जाता जाता हे!’’ दुसऱ्या दिवशी त्यांच्या खोलीत डोकावलो, तर प्रत्येक प्रतीतलं तेवढंच पान त्या जाड कागदावर नव्यानं लिहीत होत्या.

‘‘हे काय?’’

‘‘वाजायचंच आहे ना? मग नीट वाजू दे.’’

प्रयोगाला आम्ही दोघं रंगमंचाच्या कडेला उभे होतो. गायिका थांबली, पानं उलटली. समोर एर्मिनियानं डोळे मिटून घेतले.

‘‘व्हायोलिनचा दुसरा गट पान उलटायला मागे पडला,’’ झुल्माबाई कुजबुजल्या.

‘‘मग ही तक्रार लिहून घेऊ?’’

‘‘घे. पण त्यांच्या नावावर,’’ त्या म्हणाल्या आणि रुमाल शोधू लागल्या.