हाकाऱ्याचे देव

हाकाऱ्याला घाई करताना मी एकदाच पाहिलं. एरवी तो मोखाड्याच्या वाटेवर असा चालायचा की मागून येणाऱ्याचा जीव मेटाकुटीला यावा. गळ्यात ढोल, कमरेला कोयता, आणि उतारवयातही टेकडीपलीकडे पोचणारा आवाज. कचेरीचे हुकूम पाड्यापाड्यांत ओरडून सांगणं हे त्याचं काम. ते हुकूम लिहिणारा कारकून मी, म्हणून आमची गाठ.

त्या वर्षी पाड्यांनी वेठीला नकार दिला. फुकट लाकडं वाहायची नाहीत, असं सूर्यमाळच्या पाड्यात ठरलं. तेव्हा जंगलाच्या ठेकेदाराने बंदूकवाल्यांची टोळी ठेवली. ती ना सरकारची, ना सरकारबाहेरची. डोक्याला लाल पट्टा, म्हणून लोक त्यांना लालपट्टे म्हणत. ते घरं जाळत, पुढाऱ्यांना झाडाला बांधून झोडपत. कचेरीचा नियम एवढाच, की हाकाऱ्याने शिवेवरून हाक दिल्याशिवाय पाड्यात शिरायचं नाही. नियम पाळला गेला असं लिहायला मी बरोबर असायचो.

वाटेत वाघदेवाचा दगड आला की हाकाऱ्या मुंडासं काढायचा, पान ठेवायचा, ढोल वाजवून देवाला कळवायचा आणि मगच पुढे निघायचा. लालपट्टेही वाघाला भिऊन थांबत. "देवाला नाय सांगला तं वाघ मांगून येतो," एवढंच तो त्यांना म्हणायचा.

सूर्यमाळच्या वाटेवर आधी दोन देव होते. मग चार झाले, मग सात. ढोल ऐकून पाडे रिकामे होत. लालपट्ट्यांना चूल गरम सापडे, माणूस सापडत नसे. एकदा मी हळूच विचारलं, "हा देव कधी बसला रे?"

"आथाच, भाऊसाहेब. लिहू नका. नवा हाय, लाजतो."

मी लिहिलं नाही. त्यात शौर्य काही नव्हतं. मला हसू आलं होतं, इतकंच.

शेवटी टोळीच्या नाईकाला संशय आला. त्याने एका देवाला लाथ मारली. वाघ काही आला नाही. मग त्याने ढोल ओढून घेतला, फोडला आणि म्हणाला, "आता हाक पाड्यात शिरल्यावर दे."

हाकाऱ्या धावत सुटला. चढावर, सूर्यमाळकडे, ओरडत. हुकुमातला एक शब्दही त्यात नव्हता. नुसतं "निघा, निघा."

पाडा निघाला. हाकाऱ्या सापडला. त्यांनी त्याला बंदुकीच्या दस्त्यांनी मारलं, आणि तिसऱ्या दिवशी तो गेला. मी अहवालात लिहिलं, कड्यावरून पाय घसरला. तसं लिहायची मला ताकीद होती आणि मी भित्रा होतो. त्याची लाज अजून वाटते.

टोळी पुढे मोडली. बऱ्याच वर्षांनी मी कामासाठी त्याच वाटेने गेलो, तर सातही दगडांना शेंदूर फासलेला. पुढे चाललेली एक म्हातारी प्रत्येकावर पान ठेवत होती.

"कुठला देव हा, बाई?"

"हाकाऱ्याचा," ती म्हणाली. "थांबा जरा, भाऊसाहेब. येथून धावत नाय जायाचा."

मला घाई होती. मी पागोटं काढलं आणि थांबलो.