चोपन्न किलो आणि गावचे पेढे

आष्ट्यात माझी पिठाची गिरण आहे. तिथल्या धान्याच्या काट्यावर रोज सकाळी आधी माझी भाची उभी राहते, मग गिऱ्हाइकांची ज्वारी. ती बॉक्सिंग खेळते, चोपन्न किलोच्या गटात. इस्लामपूरला शिकवणारे एक निवृत्त हवालदार भेटले, म्हणून माण तालुक्यातलं गाव सोडून ती माझ्याकडे राहायला आली. तिचा बाप, म्हणजे माझा भाऊ, मुंबईला कामाला असतो. पोरीला धाडू नको, असं गावातल्या पाच-सहा जणांनी त्याला फोन करकरून सांगितलं होतं. नाक मोडलं तर करून कोण घेणार तिला, हा प्रत्येकाचा प्रश्न.

यंदा ती परदेशात आंतरराष्ट्रीय हौशी स्पर्धेत खेळली आणि कांस्यपदक घेऊन आली. त्याच पाच-सहा जणांनी तिचा सत्कार ठरवला.

वार शनिवार, कारण मुंबईची मंडळी त्याच दिवशी येऊ शकत होती. पुढच्या राष्ट्रीय शिबिराची निवड चाचणी दिल्लीला होती. रविवारी रेल्वेत बसायचं आणि मंगळवारी सकाळी वजन द्यायचं. चोपन्नच्या वर काटा गेला तर रिंगमध्ये पाऊलही ठेवता येत नाही, गळ्यात पदक असो नाहीतर नसो. शुक्रवारी ती सहाशे ग्रॅम जास्त होती. हवालदार म्हणाले, "ताई, वजन कंट्रोलमध्ये हाय. फक्त गावाकडं गोड द्यायचं न्हाई. पाणी बी मापात."

कार्यक्रम ठरवणारे दूध संस्थेचे अध्यक्ष. त्यांना मी हे फोनवर दोनदा सांगितलं.

"आवं आक्का, कळतंय की आमाला. पोरगी आमची बी हायच की."

गावात शिरताना पहिला फलक दिसला. त्यावर भाचीचा चेहरा होता आणि खांद्यावर गदा. गदा कुस्तीवाल्यांना देतात. मी विचारलं तर उत्तर आलं, "मोकळा खांदा बरा दिसंना."

मग मिरवणूक. दारोदार औक्षण, आणि प्रत्येक दारात ओवाळून झालं की तोंडात साखर. बायकांचं मी समजू शकते, त्यांनी मनापासून केलं. तरी चौथ्या दारापासून मी पुढे होऊन साखर तिच्या हातावर घ्यायला लावली. एका म्हातारीने मला सुनावलं, "माहेरात येऊन रीत शिकवतीस व्हय गं?"

व्यासपीठावर भाषणं झाली. अध्यक्ष म्हणाले, यावेळी थोडक्यात हुकलं, पुढच्या खेपेला सोनं. खालून एकाने विचारलं, "तिसरा नंबर दोघींना दिलाय म्हणं. मग दोघींची लावायची की अजून एक. हरलेल्याला कसलं मेडल?" लोक हसले. भाचीने खाली मान घालून फेटा सारखा केला.

उपांत्य फेरीत हरलेल्या दोघींना कांस्य देतात, कारण मार खाल्लेल्या पोरींना तिसऱ्या नंबरासाठी पुन्हा मारायला उभं करत नाहीत. हे मला माईकवर सांगायचं होतं. माईक मिळाला नाही. माझ्या भाचीने त्या स्पर्धेत दोन देशांच्या मुलींना हरवलं होतं, हेही तिथे कुणी बोललं नाही. बोलायला वेळ नव्हता, पेढे आले होते.

आमच्याकडे सत्कारमूर्तीला पेढा हातात देत नाहीत, भरवतात. फोटोवाला समोर असतो. पाहुणा पेढा ओठाला लावून धरतो आणि फोटो निघेपर्यंत हात काढत नाही. शाल देणारा भरवणार, हार घालणारा भरवणार, मुंबईहून आलेला प्रत्येक जण भरवणार. मी पर्समधला स्टीलचा डबा उघडून तिच्या बाजूला उभी राहिले आणि पहिले दोन पेढे मधल्यामध्ये घेतले.

अध्यक्ष हळूच म्हणाले, "आक्का, सत्कार पोरीचा हाय. तुमचा न्हाई."

"मंगळवारी वजन आहे तिचं. सांगितलं होतं तुम्हाला."

"एका पेढ्यानं काय हुतंय?"

"एक नाही. मागे रांग बघा."

"लोकं दुरून आल्यात. फोटोत तुमचा डबा दिसतोय."

भाचीनेच माझा हात खाली केला. "आत्या, राहू दे." आणि तिने तोंड उघडलं. सतरा मी मोजले, मग मोजायचं सोडलं. गोडाने तहान लागते, पाण्याचे तांबेही आले. ती प्रत्येकाच्या पाया पडत होती. नाक मोडायची काळजी करणाऱ्यांच्याही.

संध्याकाळी गिरणीत परत आलो तेव्हा काटा पंचावन्न किलो आठशे दाखवत होता. घाम निघावा म्हणून तिने रेनकोट चढवला आणि चक्कीशेजारी दोरीवरच्या उड्या सुरू केल्या. रविवारी गाडीत बसेपर्यंत ती पळत होती. पुढे रेल्वेत तिने काही खाल्लं नाही, पाणी फक्त ओठांना लावलं. सोबत गेलेले हवालदार फोनवर एवढंच सांगत, "उतरतंय, ताई."

मंगळवारी तिचा फोन आला. "बसले वजनात." जीभ टाळ्याला चिकटल्यासारखा आवाज होता. दुपारच्या लढतीत पहिली फेरी तिची होती. दुसऱ्या फेरीत हात खाली आले, तिसरीत पाय चालेनात. हवालदार म्हणाले, समोरची मुलगी हिच्यापेक्षा भारी नव्हती. शिबिर हुकलं.

दोन दिवसांनी अध्यक्षांचा फोन आला. "आक्का, ऐकलं आमी. पोरीच्या डोक्यात हवा गेली वाटतं सत्काराची."

डोक्यात नव्हे, पोटात पेढे गेले होते, आणि ते तुम्हीच घातले, असं मी त्यांना सांगितलं. शाली आणि हार माझ्याकडे पडून आहेत, कधीही घेऊन जा, हेही सांगितलं. ते म्हणाले, तुमाला मान घ्यायची रीत न्हाई, आणि फोन ठेवला. आता माहेरचं आमंत्रण येत नाही. माझं काही अडलेलं नाही.

भाची पुढच्या सोमवारी पहाटे नेहमीसारखी काट्यावर चढली. चोपन्न दोनशे. मी आकडा वहीत लिहिला. खाली उतरताना ती म्हणाली, "आत्या, परत मेडल आलं तर गावाला सांगू नकोस."

मी म्हटलं, "आधी आण. कुणाला सांगायचं ते पुढचं वजन झाल्यावर ठरवू."

ती बूट बांधून पळायला गेली. मी गिरण सुरू केली.