रुपयात किती आणे

लग्न असो, बारसं असो, चार माणसं जमली की माझा मोठा भाऊ एक वाक्य बोलायचाच : "याला मी दुकानात बसवला." बोलताना त्याचा हात माझ्या खांद्यावर असायचा. लोक कौतुकाने बघायचे आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची.

वडील गेले तेव्हा मी नववीत होतो. दादा नुकताच सिकंदराबादला रेल्वेत लागला होता. त्याने मला गावाहून आणलं ते शाळेत घालायला, असं मी समजत होतो. त्याने मला हैदराबादच्या कोठी बाजारातल्या एका कापडवाल्याकडे ठेवलं आणि स्वतः संध्याकाळच्या कॉलेजात जाऊन पदवी घेतली. पुढचं सगळं मी केलं. मालकाच्या शिव्या मी खाल्ल्या, तेलुगू मी शिकलो, पडद्याच्या एकेका वारासाठी गिऱ्हाइकांशी घसा मी फोडला. आज चादरी-पडद्यांचं दुकान माझ्या नावावर आहे. मग बसवला म्हणजे काय? बसवतात गणपती.

पुतण्याच्या लग्नात त्याने हेच माइकवर सांगितलं. मी भरल्या ताटावरून उठलो. त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं.

मग दादाला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. डॉक्टर म्हणाले, हात परत येईल, पण त्याने तो वापरला तर. या दिवसांत नाही वापरला तर कायमचा राहील. आणि दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. वहिनींचा फोन आला, "भाऊजी, काय भांडायचं ते नंतर भांडा. आधी या."

मी विद्यानगरला दादाच्या घरी गेलो. व्यायाम करून घ्यायला येणारी मुलगी त्याचा हात मांडीवर घेऊन बसली होती. "अंकल, एक उंगली उठाओ. बस एक." हात मेलेल्या माशासारखा पडलेला. थोड्या वेळाने ती माझ्याकडे वळून म्हणाली, "इनो करनाच नक्को बोल रहे." म्हणजे त्याला करायचंच नव्हतं.

स्वयंपाकघरात पुतणी चहा करत होती. माणसं आणि जनावरं जे करतात ते कशासाठी करतात, यावर ती इथल्या विद्यापीठात अभ्यास करते. मी म्हणालो, "तुझ्या बापाला इच्छाशक्तीच नाही. त्याच्या जागी मी असतो तर..."

"काका, बोट उचलायची इच्छा कुणाला असते?" ती म्हणाली. "तुम्हाला चहा हवा असतो. हात आपोआप जातो. कपाची जागा बदलली तर हात वेगळ्या वाटेने जातो, पण चहाच घेतो. नुसतं बोट उचला म्हटलं तर बाबा कशासाठी उचलणार?"

"हे तर मी दुकानात रोज बघतो," मी म्हणालो. "गिऱ्हाईक उठून जातं, परत येतं, बायकोला फोन लावतं, कापडाला नावं ठेवतं. ते काय करतंय तिकडे बघायचंच नाही. ते काय राखतंय ते बघायचं. एखाद्याला पैसा राखायचा असतो, एखाद्याला फक्त आपण फसलो नाही एवढंच."

"आमच्या पुस्तकात हेच आहे. फक्त महाग करून लिहिलंय." तिने कप माझ्या हातात दिला. "मग बाबांचं नाव काढलं की तुम्ही भडकता, तेव्हा तुम्ही काय राखता?"

माझा पारा चढला. चहा तसाच ठेवून मी दादाच्या खोलीत गेलो. "ऐकलंस? तुझी पोरगी मला विचारते! बसवलंस ना मला? सांग, रुपयातले किती आणे तू आणि किती मी?"

दादाने मान वळवली. कित्येक दिवसांत पहिल्यांदा, असं वहिनी मागाहून म्हणाल्या.

आमचे वडील बिदरकडच्या बाजारात बैलांचे सौदे करायचे. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. दोघांच्या हातांवर उपरणं टाकतात आणि आत बोटं धरून आकडा सांगतात, म्हणजे शेजारच्याला कळत नाही. लहानपणी आम्ही दोघं चिंचोक्यांसाठी असेच सौदे करायचो, आणि दादा मला दरवेळी लुबाडायचा.

उशाशी टॉवेल होता. तो मी त्याच्या उजव्या हातावर फेकला आणि खाली माझा हात घातला. "एक बोट म्हणजे चार आणे," मी म्हणालो आणि त्याचं एकच बोट धरलं. "हे तुझे. बाकीचे बारा माझे. पटतंय?"

त्याचा चेहरा लाल झाला. ओठ वाकडे हलले. आणि टॉवेलखाली माझ्या तर्जनीला काहीतरी लागलं. लागलं म्हणजे काय, मुंगी चालावी तसं. मग माझ्या दुसऱ्या बोटालाही.

"दोन मागतोय!" मी ओरडलो. "आठ आणे! चोर आहेस तू!"

व्यायामाची मुलगी टॉवेल उचलून बघायला लागली. "अय्यो, हिल रहा! अंकल, और एक बार!" वहिनी दारात उभ्या राहून पदराने डोळे पुसत होत्या. दादाच्या तोंडातून कसाबसा शब्द आला, "ब... बसवला."

"नाही बसवलं!" मी म्हणालो. बोटं पुन्हा हलली.

मी निघालो तेव्हा पुतणीने जिन्याशी विचारलं, "काका, हे तुम्ही ठरवून केलंत?"

"मग काय," मी म्हणालो. खरं म्हणजे टॉवेल फेकेपर्यंत माझ्या डोक्यात फक्त राग होता. पण फुकट मिळालेला माल परत करणारा मी नव्हे.

"काही लोक म्हणतात, माणूस स्वतः काहीच ठरवत नाही," ती म्हणाली. "मला तसं वाटत नाही. पण तसं असेल तर बाबांनी तुमची शाळा सोडवली, त्याचा दोष त्यांना नाही."

"आणि माझं दुकान?"

"त्याचं श्रेय तुम्हाला नाही."

"मग यात माझा फायदा काय?"

ती इतकी हसली की जिन्यातल्या शेजारणीने वळून पाहिलं.

तेव्हापासून मी दुकान नोकरांवर सोपवून दुपारी विद्यानगरला जातो. दादा आता तीन बोटं पक्की धरतो. त्याला चारही हवी आहेत, म्हणजे पूर्ण रुपया. चार बोटं धरायला सगळी मूठ वळावी लागते, आणि ती वळवताना त्याच्या कपाळावर घाम येतो. मी एकाच्या वर जात नाही. कधी वाटतं, त्या वयात, नव्या नोकरीत, धाकट्या भावाचं तोंडही भरायचं होतं त्याला. दोन बोटं द्यायला काय हरकत आहे? पण भाव पटला की सौदा मिटतो आणि हात टॉवेलखालून बाहेर येतात.

काल त्याने चारही धरली. चहा आला तरी सोडेना. "दे," तो म्हणाला. आता शब्द बराच स्पष्ट येतो.

"चार आणे," मी म्हणालो, आणि डाव्या हाताने कप उचलला. "उद्या येतो. तोवर विचार कर."