आमच्या छत्रीत आलेली टकटक

पृथ्वीबाहेरच्या बुद्धिमान जीवांचा शोध बिरसीजवळच्या आमच्या गावात दिवाळीच्या आधी सुरू झाला आणि दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या, म्हणजे आमच्या गावजत्रेच्या, संध्याकाळी बंद पडला. सुरू मी केला होता. बंद कोणामुळे पडला याबद्दल घरात दोन मतं आहेत, पैकी माझं कोणी विचारत नाही.

मी केबलवाला. म्हणजे होतो. एके काळी माझा सिग्नल गेला की गावातल्या सासवा-सुना भांडण विसरून, एकजुटीनं माझ्या दारात यायच्या. मग घरोघरी डिशच्या लहान छत्र्या आल्या, मग प्रत्येकाच्या हातात मोबाइल आला, आणि स्लॅबवरची माझी ती जाळीची मोठी छत्री तेवढी उरली. आमची देवका, म्हणजे माझी बायको, त्या छत्रीत कोहळ्याच्या वड्या वाळत घालायची. (वड्या फार छान वाळायच्या. केबलच्या दिवसांत त्या छत्रीनं इतकं समाधानकारक काम कधीच केलं नव्हतं.)

अशात मोबाइलवर मी एक व्हिडिओ पाहिला. परदेशातले शास्त्रज्ञ म्हणे मोठमोठ्या छत्र्या आकाशाकडे करून, तिकडून कोणी बोलतंय का, ते ऐकत बसतात. इतक्या वर्षांत कोणी चकार शब्द बोललेलं नाही, तरी त्यांचा मान शाबूत आहे. सिग्नल न येताही लोक आदर करतील असा धंदा मी जन्मभर शोधत होतो! दुसऱ्याच दिवशी मी वड्या उतरवल्या, छत्रीची वायर जुन्या सेलवरच्या रेडिओला जोडली आणि कानात इअरफोनचं बोंडकं घातलं.

"अजी, वड्या काऊन काढल्या?" देवका जिन्यातून म्हणाली.

"दुसऱ्या जगातून आवाज येते का, पायतो."

"या जगातून म्या दोनदा आवाज देला, सिलेंडर लावून द्या म्हनून. तो आला का?"

देवकाचं जग घरामागच्या दोन बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, मावलेलं होतं. त्यात चिन्नोर, आमच्याकडचा सुवासिक धान, उभा होता. मागच्या मंडईला आमच्या पोरीची सासू पाहुणी आली होती, भाताचा घास घेऊन ती म्हणाली, "भात चांगला हाये ईनबाई, वास तेवढा नाई." बस्स. त्या एका वाक्यावर देवकानं वर्षभर शेती केली. रोवणीपासून निंदणापर्यंत ती विहिणीच्या नाकासाठी राबली. यंदा मंडईला विहीण आली की तिला कापणी-मळणी होईपर्यंत ठेवून घ्यायचं, निघताना नव्या चिन्नोराचा भरला कट्टा, म्हणजे पोतं, तिच्या गाडीत टाकायचा आणि तोंडानं काही बोलायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं. कापणी मंडईच्या दुसऱ्याच दिवशी होती.

अडचण एकच, रानडुकरं. म्हणून तिनं बांध्यांभोवती तार ओढून झटका मशीन बसवली होती. तारेला अंग लागलं की जोराचा झटका, जीव मात्र जात नाही. (मला दोनदा बसला आहे. डुकराला एकदाही नाही.) रोज दिवेलागणीला देवका खाली अंगणातल्या खोलीत मशीनचं बटण दाबायची आणि मी वर जाऊन रेडिओ लावायचो. ज्याचं त्याचं काम.

आणि पहिल्याच संध्याकाळी सिग्नल आला. टक्. मग जरा शांतता. मग टक्. पुन्हा टक्. इतका नियमित आवाज पृथ्वीवरचा नसणारच, कारण आमच्याकडे पृथ्वीवरचं काहीही वेळेवर होत नाही. मी शेजारच्या शालिकला वर बोलावून ऐकवलं.

"इमान शिकनारे पोट्टे असतीन," शालिक म्हणाला. बिरसीच्या विमानतळावरून शिकाऊ विमानं दिवसभर आमच्या डोक्यावर घिरट्या घालतात.

"इमान असं टकटक करते का?"

"शिकाऊ हाये ना जी."

शालिकला शास्त्राची दृष्टी नाही. मी मात्र प्रयोग केले. छत्री नागरा गावाकडे वळवली, टक्. कोहमाऱ्याकडे वळवली, टक्. शेवटी तोंड खाली करून विहिरीकडे धरली, तरी टक्. एखाद्या सामान्य माणसाला इथं शंका आली असती. मी निष्कर्ष काढला की विश्वात सगळीकडे वस्ती आहे. दिवसा सिग्नल नसायचा, त्या अर्थी ते दिवसा झोपत असावेत. एका गुरुवारी देवका भजनातून उशिरा आली आणि त्या दिवशी सिग्नलही उशिरा सुरू झाला. तेव्हा तिकडेही गुरुवार असतो हे सिद्ध झालं.

बातमी गावात पसरली. केबल बुडाल्यापासून जे लोक मला पाहून न पाहिल्यासारखं करायचे, ते चहाला थांबवू लागले. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटायचं. मग मोबाइलवर बातम्या देणारा गोंदियाचा गुड्डूभैया आपणहून आला, टक् ऐकून गेला आणि म्हणाला, "काकाजी, मंडई के दिन लाइव्ह करेंगे. पूरा जिल्हा देखेगा."

मंडईच्या दिवशी गाव पाहुण्यांनी फुललं. विहीणही आली. संध्याकाळी आमच्या स्लॅबवर पाय ठेवायला जागा नव्हती. गुड्डूभैयानं मोबाइल काठीला लावला, मला इस्त्रीचा सदरा घालायला लावला आणि हळूच म्हणाला, "काकाजी, लोग शक करते हैं. बोलेंगे, किसी के फ्रिज की आवाज है."

मला ते पटलं. मी कठड्यापाशी उभा राहून जाहीर केलं की जोवर प्रयोग चालेल तोवर माझ्या घरातली आणि आसपासची विजेची एकूणएक वस्तू बंद पाहिजे. टीव्ही बंद झाले. पंखे बंद झाले. शालिकनं उत्साहाच्या भरात टॉर्चसुद्धा विझवला. खाली देवका मशीनच्या खोलीच्या दारात उभी होती.

"मशीन बंद नाई होत," ती म्हणाली. "सकारी कापनी हाये."

"जराशा येळचा तं प्रश्न हाये."

"अन् डुक्करं आले तं?"

"डुकराले का मालूम, मशीन बंद हाये म्हनून?"

या वाक्यावर स्लॅबभर हशा झाला. विहीणही पदर तोंडाला लावून हसली. विहिणीसमोर नवऱ्याशी वाद घालणं देवकाला जमेना. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि बटण बंद केलं.

मी रेडिओचा आवाज पूर्ण वाढवला. खरखर. फक्त खरखर.

"बोलिए काकाजी, लाइव्ह है," गुड्डूभैया म्हणाला.

मी बोललो. म्हणालो, ते सध्या आपलं ऐकत आहेत, म्हणून गप्प आहेत. मग म्हणालो, गर्दी पाहून बुजले असतील. मग छत्री सगळ्या दिशांना फिरवली. विहिरीकडेही धरली. ज्या विश्वात सगळीकडे वस्ती होती ते एका संध्याकाळीच ओसाड पडलं होतं. तरी मी हटेना. एकेक पाहुणा रात्रीच्या दंडारीच्या नाटकाला जागा धरायला उठून जाऊ लागला. माझं लाइव्ह पाहणाऱ्यांत शेवटी गुड्डूभैयाची आईच उरली, असं त्यानं नंतर सांगितलं.

तेवढ्यात घरामागून आवाज आला. चर्र, कडाकड आणि वर समाधानी घुर्रघुर्र. देवका ओरडली, "माझा धान!" आणि तिनं धावत जाऊन मशीनचं बटण दाबलं.

वर रेडिओ बोलला, टक्.

"आ गया, सिग्नल आ गया!" गुड्डूभैया किंचाळला. टक्. टक्. मी खाली पाहिलं, उघड्या दारातून मशीनच्या लाल दिव्यात देवकाचा हात अजून बटणावर दिसत होता. स्लॅबवरचे उरलेसुरले लोक आधी बटणाकडे, मग रेडिओकडे आणि मग माझ्याकडे पाहू लागले. शालिकनं टॉर्च पेटवला, तोही नेमका माझ्या तोंडावर.

आम्ही बांध्यांवर गेलो तोवर अख्खा कळप पिल्लांसकट जेवून निघून गेला होता. धान आडवा झाला होता. त्या चिखलात देवका एकेक आडवं रोप उभं करू पाहू लागली, तेव्हा मला माझा इस्त्रीचा सदरा अंगाला टोचायला लागला. विहिणीनं वाकून एक चिरडलेली लोंबी उचलली, हातावर चोळली आणि नाकाला लावली.

"वास तं हाये हो, ईनबाई," ती म्हणाली. "लई वास हाये."

वर्षभर ज्या वाक्यासाठी देवका राबली ते तिला मिळालं. कट्टा भरायला मात्र तांदूळ उरला नव्हता. ती हसली, मग रडली, मग माझ्याकडे वळली.

"भेटले का तुमचे हुशार जीव?"

छत्री आता वड्यांना परत दिली आहे. पण लोक म्हणतात तसा माझा प्रयोग काही फसलेला नाही. ज्याला माझा सिग्नल ऐकू येतो, समजतो आणि तो बंद पडताच जो ताबडतोब हजर होतो, असा बुद्धिमान जीव सापडला. घरामागच्या झुडपातच राहत होता. सिग्नल कुठून येतोय हे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आणि केबलवाला म्हणे मी!