आमचे साडू ॲप पसंत करतात

डहाणू तालुक्यात विमान चालवायचं लायसन खिशात घेऊन फिरणारा माणूस माझ्या माहितीत एकच, आणि तो विमान सोडून बाकी सगळं चालवतो, अशी आमच्या साडूंची आमच्या सासुरवाडीत ख्याती होती. या ख्यातीला कारण मी. २०१४ च्या थंडीत त्यांच्या चिकूच्या वाडीत मडक्यात कोनफळं-शेंगा भरून उकडहंडी लावली होती. साडूंच्या हाती नवंकोरं लायसन आलेलं. बाजेवर हवाई नकाशाचा मोठा कागद पसरून ते बोटाने दाखवत होते, की गुजरातेतल्या क्लबाच्या धावपट्टीवरून ताईंना घेऊन असं उठायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने असं यायचं, आपल्या वाडीवर एक चक्कर आणि परत. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण. लग्न होऊन आल्यापासून ज्या वाडीत त्यांची कंबर मोडली, ती त्यांना एकदा वरून बघायची होती. कुठली साडी फडफडणार नाही, हेसुद्धा त्यांनी ठरवलं होतं. मी तलासरीला शाळेत भूगोल शिकवतो. समोर नकाशा असताना गप्प बसलो तर मला जेवण पचत नाही. तोंडात गरम कोनफळ घोळवत मी म्हणालो, "साडूभाऊ, अजून कागदावरच? हल्ली टॅबलेटवर ॲप येतं म्हणे." साडूंचं बोट समुद्रावर होतं तिथेच थांबलं. ते २०१९ उजाडलं तरी वाडीवर पोचलं नाही.

त्या ॲपमध्ये म्हणे हवाई नकाशा दिसतो आणि त्यावर आपलं विमान चिमुकल्या खुणेसारखं सरकत राहतं. साडूंनी आठवड्यात टॅबलेट आणला आणि विमानाऐवजी जीपमध्ये लावून वेवजीपर्यंत जाऊन आले. खूण काही हलली नाही. ती घरच्या वायफायचा पदर धरून चिकूखाली उभी. टॅबलेटमध्ये जीपीएसच नाही, हे दुकानदाराने सांगेपर्यंत पावसाळा आला. दुसरा टॅबलेट आणला तो उन्हात काळाठिक्कर पडायचा. मग साडू समुद्रावर जाऊन, डोक्यावरून टॉवेल घेऊन, कुठल्या कोनात धरला की अक्षर दिसतं याचा अभ्यास करू लागले. जाळी सुकवणाऱ्या बायकांनी ताईंना निरोप धाडला, शेठना घरी घेऊन जा.

टॅबलेट ठरल्यावर ॲपची पाळी. एका ॲपला अमेरिकेतल्या शेताडीतली धावपट्टीही पाठ, डहाणूच्या जागी मात्र नुसता पिवळा रंग. दुसऱ्याला डहाणू माहीत होतं, पण त्याने ते समुद्रात ठेवलं होतं. तिसऱ्याला आपलं वीजकेंद्राचं उंच धुराडं बरोब्बर दिसायचं, पण वारा कळायचा नाही. साडू एक घालत, दुसरं काढत, पहिलं पुन्हा घालत. बोलणंही बदललं. कुणी बाजाराचा रस्ता विचारला तर ते दिशा अंशांत सांगत, आणि स्टेशन इथून किती लांब हे सागरी मैलांत सांगत. बिचारा पाहुणा रिक्षा करी. साडू घरी नसले की ताई सांगत, हे क्लबावर गेलेत, ॲपचं विचारायला. आम्ही हसायचो.

सायवनच्या एसटीचा प्रसंग तर मी स्वतः पाहिला. पुढे डोंगर आला की बजावणारं एक ॲप साडूंना तपासायचं होतं, म्हणून आम्ही दोघं एसटीत पुढच्या बाकावर. गाडी चढाला लागली आणि टॅबलेटमधली बाई इंग्रजीत किंचाळू लागली, की समोर जमीन आहे, वर उचला. गाडीतल्या कोंबड्या फडफडल्या. ड्रायव्हरने ब्रेक मारला. कंडक्टर येऊन शांतपणे उभा राहिला. साडू म्हणाले, पुढे डोंगर आहे.

"काका," कंडक्टर म्हणाला, "तो रोजच असतो."

ताईंनी मात्र फार सोसलं. एकदाच त्या बोलल्या. साडू दोन टॅबलेट दोन मांड्यांवर घेऊन बसले होते, तेव्हा म्हणाल्या, "मला बघायला आलात तेव्हा बशीतले पोहे संपायच्या आत हो म्हणालात."

साडूंनी मान वर न करता सांगितलं, "तेव्हा माझ्याकडे माहितीच नव्हती काही."

होता होता साडू पन्नाशीच्या पुढे गेले. रक्तदाब वाढला. या थंडीनंतरच्या तपासणीत विमान चालवायला लागणारं सर्टिफिकेट मिळेलसं वाटत नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. म्हणजे ताईंची चक्कर आता नाही तर कधीच नाही. तेव्हा कुठे साडूंनी एक ॲप पक्कं केलं, आणि भरवशाला दुसरंही घेतलं. एका रविवारी आम्ही चौघं त्यांच्या गाडीने क्लबावर गेलो. ताई ठरलेल्या साडीत. त्या विमानात बसल्या, पट्टा बांधला. पंखा फिरू लागला. साडूंनी दोन्ही टॅबलेट लावले, दोन्हींकडे पाहिलं, पुन्हा पाहिलं. एकात विमान धावपट्टीवर होतं, दुसऱ्यात बाजूच्या गवतात. खरं विमान कुठे होतं ते आम्हाला कुंपणावरूनही दिसत होतं. साडूंनी इंजिन बंद केलं.

माझ्या जिभेवर एक झणझणीत वाक्य तयार होतं. तेवढ्यात शेजारी उभा असलेला, तिथे विमान शिकवणारा गुजराती मास्तर हळहळला. शेठना आज काय झालं, म्हणाला. दर थंडीत येतात, घडी घातलेला कागद मांडीवर ठेवतात, एकटेच उडून येतात, लोण्यासारखं उतरवतात. मी विमानाजवळ जाऊन साडूंना विचारलं, हे खरं का.

ते रुमालाने टॅबलेटची काच पुसत होते. स्वच्छच होती.

"एकटा असलो की कागद पुरतो," ते म्हणाले.

ताईंनी ऐकलं. एरवी होडीतून उतरतानाही कुणाचा आधार घेत नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी उतरायला हात पुढे केला आणि गाडीपर्यंत साडूंचा हात सोडला नाही. वाडी काही वरून बघून झाली नाही. तपासणीत व्हायचं तेच झालं, आणि लायसन कपाटात गेलं. मी ते वाक्य अजून कुणाला ऐकवलेलं नाही. चांगलं होतं खरं तर.

क्लबावरून परतल्यावर त्याच दिवशी डहाणूहून मी आणि बायको स्कूटरवर तलासरीला निघालो. मी वाटभर साडूंबद्दल बोलत होतो, माणूस ओळखणं किती अवघड वगैरे. घरापाशी बायको उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "इतकी वर्षं मला मागे बसवून हायवेने नेता. निघण्याआधी आरसा तरी कधी वळवून बघितलात?"