ओनोरा आणि व्हिनेगरातलं पत्र

मार्सेय बंदराबाहेर, क्वारंटाइनच्या आवारात ओनोरानं चाळीस वर्षं एकच काम केलं. पूर्वेकडून आलेली पत्रं लांब चिमट्यात धरायची, छिन्नीनं त्यांना चिरा पाडायच्या आणि आतला रोग मरावा म्हणून व्हिनेगरात बुडवायची. 'हे आमच्या स्वर्गातल्या बापा' ही प्रार्थना तीनदा म्हणून झाली की बाहेर काढायची. मी शेजारी ती वाळत घालायचो.

त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. पण इतका काटेकोर माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा वैताग यायचा. १७२० साली शहरात प्लेग शिरला तेव्हा तो सात वर्षांचा होता. घरातल्या नऊ जणांत तो एकटा वाचला. त्यानंतर पन्नास वर्षं प्लेग आमच्या धक्क्यावर उतरला नाही, यात आपल्या चिमट्याचाही वाटा आहे असं तो मानायचा. कुणी हसलं तर म्हणायचा, "हसा. हसायला जिवंत आहात ना?"

त्याचा मुलगा बार्नाबे पूर्वेकडच्या स्मिर्ना बंदरात एका व्यापाऱ्याकडे कारकून होता. त्या वर्षी तिकडे प्लेग असल्याची बातमी आली, आणि ओनोराची बायको दोफीन रोज फाटकाशी येऊन मला विचारायला लागली. "भावजी, आलं का हो काही?"

एका सकाळी आलं. ओनोरानं अक्षराचं वळण ओळखलं. तरी त्यानं नेहमीसारखंच पत्र बुडवलं. शाई विरघळत होती, पण तिसरी प्रार्थना संपली तेव्हा अक्षरं दिसत होती. मी हात पुढे केला. चिमटा काही वर येईना.

"आपल्याच पोराचं आहे," तो पुटपुटला. "कुणी बोट दाखवायला नको." आणि त्यानं चौथी सुरू केली.

कागद बाहेर आला तो कोरा. शाई काजळाची, धुऊन जाणारी होती. आमच्या मायफळाच्या पक्क्या शाईला व्हिनेगर सहसा काही करत नाही, हे बार्नाबेला लहानपणापासून ठाऊक होतं.

"जिवंत आहे, एवढं कळलं," दोफीन म्हणाली, आणि महिनाभर नवऱ्याशी बोलली नाही. 'पुन्हा लिही' असा निरोप धाडला, तो वाटेतच कुठेतरी राहिला.

शरदात बार्नाबे स्वतःच आला. नियमाप्रमाणे चाळीस दिवस आत. दोन जाळ्यांपलीकडून तो आईशी बोलत होता; ओनोरा आणि मी तिच्या बाजूला उभे होतो.

"काय लिहिलं होतंस रे?"

"जाऊ दे ना, आई."

"सांग म्हणते ना!"

"तिथल्या एका मुलीशी लग्न करायचं होतं. घरून तुमचा होकार येईपर्यंत थांबा, असं तिच्या बापाला म्हटलं होतं. तो जूनमधल्या संत योहानाच्या सणापर्यंत थांबला. मग दिलं तिला दुसरीकडे." तो कसाबसा हसला. "चूक माझीच. घाईत समोरची दौत उचलली. बाबांच्या तीन प्रार्थनांपुढं काजळ टिकतंय थोडंच!"

मी तोंड उघडणार नव्हतो. ओनोरानंही गप्प राहावं, असं मला मनापासून वाटलं.

ओनोरानं जाळी घट्ट धरली.

"चार म्हटल्या मी," तो म्हणाला. "तीनला अक्षरं होती."